न विचारता घातलेलं नाव

काकू,

गेल्या आठवड्यात एका फॉर्मवर मी तुमच्या नावापाशी अडकले. पेपर तयार आहे. आकृत्या लावल्या आहेत, संदर्भांची यादी तीनदा तपासली आहे. जर्नलच्या वेबसाइटवर शेवटच्या पानावर एक लहान चौकोन आहे आणि त्याच्यापुढे एक वाक्य: सर्व लेखकांनी हा लेख संपूर्ण वाचला आहे आणि तो छापायला त्यांची संमती आहे. चौकोनात खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. लेखक आपण तिघी आहोत. दोघींनी वाचला आहे. तिसऱ्या तुम्ही, आणि येत्या डिसेंबरात तुम्हाला जाऊन पाच वर्षं होतील. आठवडा झाला, ते पान मी रोज उघडते आणि बंद करते. या पेपरवर माझी पुढच्या वर्षीची नेमणूक ठरायची आहे आणि नेमणुकीवर व्हिसा, तेव्हा हे फार दिवस चालण्यासारखं नाही.

मी पत्रं लिहिणारी नाही हे तुम्हाला माहीत आहे. "ही मुलगी तार केल्यासारखी बोलते," असं तुम्ही काकांना सांगायचात, तेही मी समोर बसलेली असताना. पण संमती मागायची तर आधीचं सगळं क्रमाने सांगायला हवं. कारण तुम्हाला न विचारता तुमचं नाव मी याआधी एकदा घातलेलं आहे.

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या तुमच्या घरी वरच्या खोलीत मी राहायला आले ती २००१ च्या ऑगस्टमध्ये, नागपूरहून, औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करायला. औषध कंपनीतली संख्याशास्त्रज्ञाची सव्वीस वर्षांची नोकरी संपवून तुम्ही नुकत्याच निवृत्त झाला होतात. तुमच्या स्वयंपाकघरातलं टेबल मला अजून दिसतं. अर्ध्यावर निवडायची भाजी, अर्ध्यावर कोणाकोणाचे आकडे, कारण निवृत्तीनंतरही लोक तुम्हाला विचारायला यायचेच. फळीवरच्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर भरल्याची तारीख, मराठी आकड्यांत. पहिल्या वर्षी होळीला इथल्या मराठी मंडळातली दहाबारा माणसं जेवायला होती. कोणीतरी म्हणालं, "काकू, पुरणपोळी एक नंबर!" तुम्ही तूप वाढता वाढता म्हणालात, "पुरण माझं. लाटल्या हिने. भाजल्या काकांनी. ती करपलेली आहे ना, तीही काकांचीच."

"करपलेलीला नाव कशाला लावायचं?" काका म्हणाले.

"मग चांगलीला तरी कशाला लावायचं?"

सगळे हसले. मीही हसले. हा तुमचा स्वभाव आहे असं मला वाटलं. ती कामाची पद्धत आहे हे कळायला मला आणखी सात-आठ महिने लागले.

माझं काम सांगायला सोपं होतं. गोळी पोटात किती वेळात विरघळते हे बघण्यासाठी एका यंत्रात काचेची सहा भांडी ओळीने बसवलेली असतात. त्यांत शरीराच्या तापमानाचं पाणी, वरून संथ फिरणारी पाती. गोळी टाकायची आणि दर पाच मिनिटांनी थोडं पाणी काढून मोजायचं. मी एक नवीन प्रकारची गोळी बनवली होती आणि ती जुनीपेक्षा लवकर विरघळते का, एवढाच प्रश्न होता. गोंधळ नको म्हणून मी एक सोय केली. जुनी गोळी नेहमी पहिल्या तीन भांड्यांत, नवी नेहमी पुढच्या तीन. मला ती शिस्त वाटायची. पाणी काढायचं आणि मोजायचं काम आमच्या लॅबमधली टेक्निशियन करायची. पन्नाशीची, पोर्टो रिकोहून आलेली बाई, कानात मोठ्या रिंगा, बोलायला फटकळ. आठ महिने तिने ते केलं. मध्ये एकदा ती म्हणाली, "हनी, ते सहावं भांडं बरोबर नाही. त्यात काहीही टाक, घाईतच असतं." मी वहीत तारीख टाकून ते लिहून ठेवलं. पुढे काही केलं नाही. नवी गोळी जुनीपेक्षा आठ मिनिटं आधी विरघळत होती आणि मला तेच हवं होतं.

पेपर लिहिला तेव्हा पहिलं नाव माझं, शेवटचं माझ्या सरांचं, आणि मधे तुमचं. तुम्ही काय केलं होतं? एका रविवारी अर्धा तास माझ्या शेजारी बसून एक सूत्र समजावून दिलं होतं, शेंगा सोलता सोलता. टेक्निशियनचं नाव शेवटी आभारात, एका ओळीत, काचेची भांडी पुरवणाऱ्या दुकानाबरोबर. तेव्हा सह्या कागदावर असायच्या आणि सगळ्या लेखकांच्या वतीने एकाने केली तरी चालायचं. मी केली.

छापून आल्यावर, ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी, मी त्याची प्रत आणि एडिसनच्या भारतीय दुकानातून आणलेले पेढे घेऊन खाली आले. तुम्ही चिवड्यासाठी पोहे भाजत होतात. मी प्रत टेबलावर ठेवली, तुमच्या नावावर बोट ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. मी कधी कोणाला वाकून नमस्कार करत नाही, हे तुमच्या लगेच लक्षात आलं असणार. तुम्ही हात पुसून चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचायला लागलात. दुसऱ्या पानावर गॅस बंद केलात. चौथ्या पानावर खुर्ची ओढून बसलात. पेढ्यांच्या पुड्याला हात लावला नाहीत.

"हे मी कधी केलं गं?"

"काकू, तुमच्यामुळेच तर... आदर म्हणून घातलं."

"आदर म्हणून नमस्कार केलास तेवढा पुरे होता." मग तुम्ही चौथ्या पानावरच्या आकृतीवर बोट ठेवलंत. "कुठल्या भांड्यात कुठली गोळी होती?"

मी सांगितलं.

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि सगळी भांडी सारखी आहेत हे कशावरून?"

मला सहावं भांडं आठवलं, आणि ते आठवल्याचं माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण तुम्ही प्रत मिटलीत. मग मी तुम्हाला टेक्निशियन काय म्हणाली होती ते सांगितलं, तारखेसकट.

"तिचं नाव कुठंय?"

"आभारात."

"म्हणजे जिने बघितलं ती आभारात, आणि जिने बघितलं नाही ती मी वर." तुमचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "तिच्या ताटातलं काढून मला वाढलंस आणि वर त्याला आदर म्हणतेस?"

मी वर खोलीत निघून गेले. जेवायला हाक मारलीत तेव्हा आले, तुम्ही काहीच झालं नसल्यासारखी आमटी वाढलीत, आणि मग जेवता जेवता कंपनीतल्या तुमच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितलीत. साहेबांना अहवालावर संख्याशास्त्रज्ञाचं नाव हवं होतं म्हणून त्यांनी तुम्हाला न दाखवता तुमचं घातलं. तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही साताऱ्याला वडिलांना त्याची प्रत पाठवलीत. पुढे एका बैठकीत एका माणसाने तुमच्याकडे वळून विचारलं, नवव्या पानावरचा हा आकडा कसा आला? "नवव्या पानावर काय आहे हेच मला ठाऊक नव्हतं. वीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी पान शोधत होते." तुम्ही भातावर ताक घेतलंत. "ज्याचं नाव, त्याला कोणीही थांबवून विचारावं आणि त्याने उत्तर द्यावं. नाव एवढ्यासाठीच असतं. सजवायला नसतं."

माझी अपेक्षा होती की तुम्ही नाव काढून घ्यायला सांगाल. तुम्ही म्हणालात, "आता आहे ना माझं नाव? मग निस्तरूया."

सोमवारी तुम्ही माझ्याबरोबर सरांकडे आलात. गुडघा दुखत होता, तरी लिफ्ट बंद म्हणून दोन जिने चढलात. तुम्ही एकट्याच आत गेलात. दार लावलेलं होतं. दहा मिनिटं मी बाहेरच्या बाकावर सूचनाफलकावरची तीच सूचना पुन्हा पुन्हा वाचत बसले. बाहेर आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "चल, भूक लागली." सर माझ्याशी पुढचे तीन आठवडे कामापुरतंच बोलले, पण प्रयोग पुन्हा करायला त्यांनी हरकत घेतली नाही.

ते शनिवार मला आयुष्यातल्या बहुतेक गोष्टींपेक्षा जास्त स्पष्ट आठवतात. तुम्ही पिशवीत एक स्टीलची वाटी घेऊन आला आहात. वाटीत घडी घातलेल्या सहा चिठ्ठ्या, तीन जुन्या गोळीच्या, तीन नव्या. कुठल्या भांड्यात कुठली गोळी जायची ते चिठ्ठी ठरवणार, मी नाही. मी हात पुढे करते तर तुम्ही वाटी बाजूला घेता. "तू नको. तुला काय यायला हवंय ते तुझ्या हाताला माहीत आहे." चिठ्ठ्या टेक्निशियनने काढायच्या. ती तुम्हाला प्रोफेसर म्हणते. तुम्ही म्हणता, मी प्रोफेसर नाही. "मग मीपण आज टेक्निशियन नाही, आज शनिवार आहे," ती म्हणते आणि तुम्ही आणलेलं थालीपीठ उभ्याउभ्याच खाते. दुपारी तुम्ही सहाव्या भांड्याच्या काचेला तळहात लावता आणि तसाच ठेवता. मग मला बोलावता. "लाव हात." अगदी बारीक थरथर आहे. त्याच ओट्याच्या टोकाला पंप आहे आणि त्याची थरथर ओट्यातून इथवर येते आहे. सहाव्यात सगळ्यात जास्त, पाचव्यात थोडी. तिथे जी गोळी पडेल ती लवकर विरघळणारच. आठ महिने मी त्या यंत्रासमोर उभी होते आणि एकदाही हात लावून बघितला नव्हता.

चार शनिवारांनंतर आठ मिनिटांचा फरक दोन मिनिटांवर आला. नवी गोळी बरी होती, पण आम्ही छापलं होतं तितकी नव्हती. जर्नलला दुरुस्ती पाठवायची ठरली. तेव्हा मी पहिल्यांदा तुम्हाला विचारलं, नाव घालू का. तुम्ही म्हणालात, "चुकीवर होतं तर दुरुस्तीवरही हवं. पण आधी वाचायला दे." दोन दिवस ठेवून घेतलीत, सात ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्यात. त्या दुरुस्तीवर चार नावं आहेत, आणि टेक्निशियनचं दुसरं आहे. तिने त्या पानाची झेरॉक्स काढून फ्रिजवर लावली. माझी पदवी एका वर्षाने लांबली. माझ्या बरोबरीच्या एका मुलीने मला विचारलं, कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, मग कशाला? तेव्हा मी विषय बदलला. आज उत्तर देता येईल असं वाटतं. त्या वर्षानंतर माझ्या कुठल्याही आकड्याबद्दल कोणी विचारलं तर मी पान शोधत बसत नाही. हे तुमच्यामुळे आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता या पेपरविषयी. तिसऱ्या शनिवारी मधेच एका भांड्यातलं पातं बंद पडलं आणि चिठ्ठ्यांची मांडणी बिघडली म्हणून मी त्या दिवसाचे सगळेच आकडे टाकून दिले. तुम्ही चिडलात. "एक भांडं रुसलं तर बाकीच्या पाचांनी काय पाप केलं?" घरी जाऊन तुम्ही एक वही काढलीत. सहांतलं एक मधेच गळालं तर उरलेल्या पाचांवरून किती खात्रीने बोलता येईल, हे तुम्ही त्या वहीत मांडत होतात, रोज थोडं, पेन्सिलीने, मराठी आकड्यांत. पुढच्या उन्हाळ्यात मी लॅबजवळच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले तेव्हा तुम्ही भाजणीच्या डब्यावर ती वही ठेवून माझ्या हातात दिलीत. "अर्धं झालंय. जमलं तर बघ पुढे." त्याच डिसेंबरात तुम्ही गेलात. बातमी लॅबमध्ये आली. मी हातातलं मोजमाप पूर्ण केलं, ते वहीत लिहिलं आणि मग निघाले. तेव्हा मला याचं काही वाटलं नाही. नंतर वाटलं.

वही तीन वर्षं कपाटात होती. उघडली तेव्हा तेवीस पानं भरलेली होती आणि शेवटच्या पानावर एक प्रश्नचिन्ह होतं. पुढचा तिसरा हिस्सा मी केला. सव्वा वर्ष टेक्निशियनने मुद्दाम एकेक भांडं मधेच बंद करून ते तपासलं. पद्धत चालते, काकू. एक भांडं रुसलं तर आता दिवस फुकट जात नाही. नावं लिहायला बसलो तेव्हा मी टेक्निशियनला विचारलं, पहिलं तुझं घालू का? ती म्हणाली, "मला मधे ठेव. मधे ऊब असते." मग पहिलं माझं, दुसरं तिचं. शेवटची जागा आमच्याकडे ज्यांच्या हाताखाली काम झालं त्यांची असते. ती तुमची. "आणि तिला विचारायचं कसं?" मी म्हटलं. "हनी, घातलंस तरी ती ओरडेल आणि नाही घातलंस तरी ओरडेल," ती म्हणाली.

तेच तर आहे. तुमच्याच नियमाने तुमचं नाव येत नाही, कारण तुम्हाला थांबवून आता कोणी विचारू शकत नाही. आणि तुमच्याच नियमाने ते गाळताही येत नाही, कारण मग ज्यांनी केलं त्या पुन्हा आभारात.

संपादकांच्या कचेरीतून कळलं की नातेवाइकांनी संमती दिली तर चालतं. म्हणून मी ट्रॉयला काकांना फोन केला. ते आता मुलाकडे असतात, ऐकू कमी येतं, पण आवाज तसाच आहे.

"म्हणजे तिच्या वतीने मी हो म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"हो, काका. सहीचा एक कागद आहे."

"छे गं. एकदा म्हटलं होतं. ती भारतात गेली होती तेव्हा मंडळाच्या नाटकात ती काम करेल असं परस्पर सांगून टाकलं. केलंन काम. पण आठ दिवस घरात माझ्याशी फक्त नाटकातली वाक्यं बोलली. मी विचारलं जेवायला काय आहे, तर म्हणाली, दूर व्हा, माझा मार्ग अडवू नका!"

मी हसले. ते आधी हसले आणि मग त्यांना खोकला आला. थोड्या वेळाने मी विचारलं, "मग नाव काढू का?"

"तेही मी सांगणार नाही." ते म्हणाले. "पुरण तिचं असेल तर पुरण तिचं, एवढं म्हण. ती पंगतीला बसली होती असं म्हणू नकोस म्हणजे झालं."

काल रात्री इथवर लिहिलं, आणि आज सकाळी मी तो चौकोन रिकामा ठेवून पेपर जोडून संपादकांना वेगळी ईमेल लिहिली. तिसऱ्या लेखिका २००३ मध्ये वारल्या. त्यांनी हा लेख वाचलेला नाही आणि त्यांची संमती मिळणं शक्य नाही. पद्धतीचा पहिला दोन तृतीयांश भाग त्यांचा आहे, त्यांच्या वहीची तेवीस पानं सोबत जोडली आहेत, आकडे मराठीत आहेत, ते कसे वाचायचे याचा तक्ता दिला आहे. त्यापुढची प्रत्येक ओळ माझी आहे आणि तिच्यात चूक असेल तर ती त्यांची नाही. मोजमापांविषयीचे प्रश्न दुसऱ्या लेखिकेला विचारावेत, बाकी सर्व पानांविषयीचे मला. हे नियमात बसत नसेल तर पेपर परत पाठवावा, पण त्यांचं नाव आभारात हलवून मी तो देणार नाही. पाठवलं. उत्तर यायला काही आठवडे लागतील. परत आला तर नेमणुकीचं काय ते तेव्हा बघीन.

हे पत्र वहीच्या चोविसाव्या पानाशी ठेवणार आहे. ते कोरं आहे. पण एक गोष्ट राहिली. त्या सोमवारी बंद दाराआड सरांनी तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्यांनी हे सांगितलं असेल, तर तुम्ही गप्प राहिलात आणि मला जेवायला नेलंत. नसेल सांगितलं, तर मी सांगते. पहिला पेपर पाठवण्याआधी सर आकडे विभागातल्या संख्याशास्त्रज्ञाकडे पाठवणार होते. त्याला सहा आठवडे लागले असते आणि मला घाई होती, म्हणून मी मसुद्यावर तुमचं नाव घातलं. तुमचं नाव बघून ते म्हणाले, "यांनी आकडे तपासलेत ना?" मी हो म्हटलं. आदराचं कारण मला नंतर, तुमच्या स्वयंपाकघरात सुचलं.